जहाजातल्या बाईची ओटी

ते जहाज कधीच पाण्यावर गेलं नाही. कायझर्सलाउटर्नजवळच्या एका खेड्यात आम्ही राहायचो, तिथल्या जुन्या शाळेच्या मोठ्या वर्गात ते बांधलेलं होतं. तेही अख्खं जहाज नव्हे, नुसतं त्याचं पोट. एकोणिसाव्या शतकात या भागातली माणसं ज्या जागेत दाटीवाटीने बसून अमेरिकेला गेली, ती जागा. वर डेकवर पैसेवाले प्रवासी, तळाशी माल आणि या दोघांच्या मधे ही माणसं. या मधल्या मजल्याला जर्मनमध्ये त्स्विशनडेक म्हणतात. फळ्या ठोकून छत इतकं खाली आणलं होतं की उंच माणसाला वाकून चालावं लागायचं. दोन्ही बाजूंना एकावर एक झोपायच्या फळ्या, मधे पेट्या, कोपऱ्यात बादली. डांबराचा वास यावा म्हणून कुणीतरी हौसेने जुने दोरखंड आणून टाकले होते.

गावाच्या इतिहास मंडळाने, म्हणजे त्यांच्या फेरआइनने, हे प्रदर्शन २००६च्या उन्हाळ्यात मांडलं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं ते वर्ष. बाहेरचे लोक येतील, त्यांना काहीतरी दाखवायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. आले ते मुख्यतः जवळच्या लष्करी तळावरचे अमेरिकन, बायकामुलांसकट, दर रविवारी. फेरआइनमध्ये घडाघडा इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं म्हणून मला धरलं. माझी पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी नवऱ्याच्या इथल्या नोकरीपायी सुटली होती. माझं जर्मन बाजारहाट आणि गप्पांपुरतं बरं होतं, पण ऑफिसात मला कुणी घेत नव्हतं. त्यामुळे मी हो म्हटलं, आणि शाळेची एक किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्यावर लटकू लागली.

पहिल्या दोनतीन रविवारीच माझं डोकं तापायला लागलं. एखादा अमेरिकन यायचा, सांगायचा की त्याचा खापरपणजोबा म्हणे इथूनच कुठूनतरी गेला. लगेच फेरआइनचे अध्यक्ष, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, दोन्ही हात पसरून म्हणायचे, "घरी आलात, या." त्या माणसाला जर्मनचा ज सुद्धा येत नसायचा. आणि मी त्या गावात चार वर्षं राहत होते, बेकरीतली बाई मला ब्रेड देता देता अजूनही विचारायची, "आणि मग, परत कधी जाणार?" हसूनच विचारायची, त्यामुळे भांडताही यायचं नाही. घर सोडून दूर गेलेल्यांचं कौतुक करायला गावाने जहाज बांधलं होतं. घर सोडून दूर आलेली एक बाई त्या जहाजात उभी राहून माहिती सांगत होती, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

त्या जहाजात बाहुल्या होत्या. कापडाचं एक दुकान बंद पडलं, तिथल्या काचेतल्या बाहुल्या फेरआइनने मागून आणल्या होत्या आणि त्यांना जुने कपडे चढवले होते. पेटीवर बसलेला म्हातारा, दोन मुलं, पाइपवाला तरुण. आणि खालच्या फळीवर बसलेली एक गरोदर बाई. पोटाला उशी बांधलेली, निळा घागरा, वर पांढरा जाडाभरडा एप्रन, दोन्ही हात मांडीवर. ही एकटीच खरी होती. म्हणजे खरोखर या गावातून गेलेली. सातव्या महिन्यात नवऱ्याबरोबर निघाली, घोडागाडीतून फ्रान्सच्या बंदराला पोचली, आणि जहाजावरच बाळंत होताना गेली. बाळही गेलं. दोघांना एकाच कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं. नवरा पुढे गेला, तिकडे त्याने दुसरं लग्न केलं, त्याचे वंशज अधूनमधून येतात आणि फेरआइनला पोस्टकार्डं पाठवतात.

दर रविवारी ही गोष्ट मी सांगायचे, आणि माझं पोट दर रविवारी थोडं पुढे यायचं. मलाही सातवा लागत होता. लोकांना याची फार गंमत वाटायची. बाहुलीच्या शेजारी मला बसवून फोटो काढायचे. अध्यक्ष म्हणायचे, "चला, आता तर आमच्याकडे दोन आहेत." मी हसून बसायचे आणि दात आवळायचे.

वर्ल्ड कप संपला आणि माझ्या सासूबाई आल्या. बाल्कन्यांवर झेंडे तसेच होते. माझी आई आजारी, तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून बाळंतपणाला सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा शाळेत असतानाच सासरे गेले, त्यानंतर आईंनी एकटीने त्याला वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. कुणाला घाबरणारी बाई नव्हे. इन्स्पेक्टर शाळेत आला तरी खडू खाली ठेवायच्या नाहीत, असं नवरा सांगतो. पण घरात हळदीकुंकू असलं की त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या.

मी पुण्याहून इथे यायला निघाले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. घरातली सून परदेशी जाणार, तेव्हा तिची ओटी भरायची. तांदूळ आईंनी निवडले, नारळ त्यांनी वाजवून आणला, खण त्यांनीच लक्ष्मी रोडवर तासभर घालवून पसंत केला. आणि भरायच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. त्या बाई टीव्हीवरची मालिका अर्धी सोडून आल्या होत्या. त्यांनी घाईघाईने माझ्या पदरात सगळं घातलं, कुंकू लावलं, सुखरूप जा म्हणाल्या आणि जिना उतरल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चौकटीला हात लावून. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण रिक्षा खाली उभी होती, नवरा घड्याळ बघत होता, आणि नवी सून पहिल्याच प्रवासाला निघताना तोंड उघडत नाही. तो राग मी बॅगेत भरून जर्मनीला आणला.

येताना आईंनी माझ्या डोहाळजेवणाची सगळी तयारी आणली होती. हिरवी साडी, हिरवा खण, हळदकुंकू, आंबेमोहोर तांदूळ, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून. नारळ तेवढा इथे, कायझर्सलाउटर्नमधल्या तमिळ दुकानातून. फ्रँकफर्टहून चारपाच मराठी बायका येणार होत्या. कोण काय आणणार, हे फोनवर ठरत होतं. ओटी कोण भरणार हे कुणी बोलत नव्हतं, कारण ते ठरलेलंच होतं.

पहिल्याच रविवारी आईंना जहाज बघायचं होतं. मी त्यांना घेऊन गेले. अमेरिकन लोक जे कधीच विचारत नसत ते त्या विचारत होत्या. एवढ्या माणसांना धुवायला पाणी कुठलं? शिजवायचं कुठे? मी सांगितलं, शिधा ज्याचा त्याने बरोबर आणायचा, वरती चुलीपाशी पाळीने शिजवायचं, वादळ असलं की उपाशी. मग त्या त्या बाईपुढे येऊन उभ्या राहिल्या. मी तिची गोष्ट सांगितली, सवयीने, भराभर.

"सातव्यात निघाली?" त्या म्हणाल्या. "कुणी निघू दिलं?"

"घरी खायला नव्हतं, आई. बटाट्याचं पीक गेलं होतं."

"ते कळलं. पण तिच्या आईने, बहिणीने, कुणी काही केलं असेल ना निघताना? ओटीबिटी?"

"यांच्यात तसलं काही नसतं."

"मग बोळवण कशी करतात?"

मी अध्यक्षांना विचारलं. त्यांनी आनंदाने सांगितलं की गाड्या वेशीबाहेर पडेपर्यंत चर्चची घंटा वाजवत. गावात आजही ती घंटा आहे. कुणाचं निधन झालं की वाजवतात तीच. कारण गेलेला माणूस परत दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, मेल्यासारखंच.

मी ते आईंना मराठीत सांगितलं. बाहेर पडताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

पुढच्या रविवारी मला पाय सुजल्यामुळे बरं नव्हतं, म्हणून मी उशिरा येईन असं कळवलं होतं. अध्यक्षांचा फोन आला तो नवऱ्याने घेतला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की काहीतरी झालंय. "ताबडतोब या म्हणतायत," तो म्हणाला. "आपण तिघंही." आई काही न विचारता चपला घालू लागल्या. तेव्हा माझं दारामागच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. किल्ली होती, पण उलटी लटकवलेली.

जहाजाच्या पोटात माणसं गोळा झाली होती. त्या बाईच्या मांडीवर तांदळाची रास होती. राशीवर नारळ, शेंडी वरती. खण घडी करून ठेवलेला, माझा हिरवा खण. तिच्या कपाळावर हळदकुंकू लावलेलं होतं, ठसठशीत, मधोमध. आणि काही हळदकुंकू ओघळून त्या पांढऱ्या एप्रनवर सांडलं होतं. अमेरिकन मंडळींना ते प्रदर्शनाचाच भाग वाटलं होतं. अध्यक्षांचं लक्ष जायच्या आधीच त्यांनी फोटो काढले होते, आणि एक बाई मुलीला सांगत होती की जुन्या काळी जर्मन बायका अशी पूजा करायच्या. मला वाटतं, अध्यक्षांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

"हे म्युझियम आहे," ते मला म्हणाले, "देऊळ नाही." आवाज खालचा होता, पण कान लाल झाले होते. तांदळाने उंदीर येतील. आणि एप्रन. एप्रन नकली नव्हता, त्या काळातला खरा लिननचा होता, गावातल्या एका घराने पेटीतून काढून विश्वासाने दिलेला.

नवरा लगेच सुरू झाला. माफ करा, माफ करा, आम्ही धुऊन देतो, ड्रायक्लीन करून देतो, तिला माहीत नव्हतं. तो असाच आहे. कुणी नुसत्या भुवया वर केल्या की हा माफी मागून मोकळा. त्याने मला न विचारता माझ्याही वतीने मागितली.

एप्रनचं मला वाईट वाटलं. तो डाग चुकीचाच होता, मी तसं म्हणायलाही तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात अध्यक्ष आईंकडे बघून, सावकाश, एखाद्या लहान मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तुम्ही तिला समजावलं नाहीत का, की ही बाहुली आहे?"

मग मात्र मी फुटले.

"तिला माहीत आहे ती बाहुली आहे," मी म्हणाले. "तिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय. तुम्हालाच कळेनासं झालंय की ही एक बाई होती. सातव्या महिन्यातली बाई तुम्ही घालवलीत आणि मेलेल्या माणसाची घंटा वाजवलीत. आता तिला इथे पोटाला उशी बांधून बसवलंय, फोटो काढायला. इतक्या वर्षांत हिच्या मांडीवर कुणी मूठभर काही ठेवलं? ठेवलं ते पुण्याहून आलेल्या बाईने. आणि तुम्हाला उंदीर दिसतात."

माझं जर्मन रागात सगळीकडे घसरत होतं, क्रियापदं हरवत होती, पण कुणालाही न कळण्यासारखं काही नव्हतं. नवरा माझं कोपर धरत होता. अध्यक्ष म्हणाले की या अवस्थेत मी इतकं तापणं बरं नाही, आणि एकूणच आता मी रविवारची विश्रांती घ्यावी. अगदी सौजन्याने म्हणाले. मी किल्ली त्यांच्या हातात न देता बाहुल्यांतल्या त्या म्हाताऱ्याच्या पेटीवर ठेवली.

आई मधे उभ्या होत्या. त्यांना एक शब्दही कळला नसणार, पण सगळं कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली नाही.

तसेच घरी आलो. दोन गल्ल्यांचं तर अंतर. आत आल्यावर नवरा आईंना म्हणाला, "आई, तुला काय सुचलं हे? इथे लोक काय म्हणतील, मला रोज याच गावात राहायचंय." आई म्हणाल्या, "हात धू, जेवायला बस," आणि घेवड्याच्या शेंगा मोडायला बसल्या.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"का केलंत, आई?"

"अगं, तिचं कुणीच नव्हतं. इतक्या लांब जायची ती बाई, रिकाम्या पदराने गेली. मला सहन होईना."

"कुणाला विचारलंत?"

"कुणाला विचारायचं? सकाळी फिरायला निघाले, आणि गेले."

मी त्यांच्यासमोर बसले. मला वाटत होतं की मी शांतपणे विचारणार आहे. "मग माझी का नाही भरलीत? पुण्याहून निघाले तेव्हा? सगळं आणलंत तुम्ही, आणि भरायला खालच्या बाई?"

त्या शेंगा मोडत राहिल्या. "तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"तिचं आता काय वाईट व्हायचंय?" आई म्हणाल्या. "जे व्हायचं ते होऊन गेलं. माझा हात लागला काय, न लागला काय. तुझं सगळं पुढे आहे."

मी समोरची शेंगांची वाटी उचलून टेबलावर आपटली. शेंगा सगळीकडे उडाल्या. इतका राग मला अध्यक्षांचाही आला नव्हता. अध्यक्षांना निदान उलट बोलता आलं. इथे कुणाला बोलणार? समोर बसलेली बाई स्वतःच्या हाताला विष समजत होती, तोच हात रोज माझ्या सुजलेल्या पायांना तेल चोळत होता, आणि यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं. मी म्हणाले, "येत्या शनिवारी माझी ओटी तुम्ही भरायची. नाहीतर कुणीच नाही."

"वेडेपणा करू नकोस," आई म्हणाल्या आणि खाली पडलेल्या शेंगा वेचू लागल्या.

मधल्या दिवसांत फेरआइनमधून कुणीतरी तांदूळ, नारळ आणि खण सुपरमार्केटच्या पिशवीत घालून आमच्या दाराला अडकवून गेलं. दिलेलं परत घेत नाहीत, असं आईंचं म्हणणं. त्यांनी पिशवी उचलली आणि आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यावर गेल्या. ओढ्यात असं काही टाकायला इथे बंदी आहे, म्हणून नवरा पुलावर उभा राहून दोन्ही बाजू बघत होता आणि कुरकुरत होता. आईंनी तांदूळ सोडले, खण सोडला, मग नारळ. तो थोडा वेळ काठाच्या गवताला अडकला, मग गेला.

शनिवारी फ्रँकफर्टच्या बायका आल्या, डबे आणि फुलांचे दागिने घेऊन. नवा खणही त्यांच्यातल्याच एकीने आणला. मला हिरवी साडी नेसवली, खुर्चीत बसवलं, गजरे घातले, गाणी झाली. हे सगळं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. मग सगळ्यांत वडील होत्या त्या काकू तांदूळ-नारळाचं ताट घेऊन माझ्यासमोर आल्या.

"आधी आई," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. घर दुसरं, देश दुसरा, पण त्या नेमक्या तिथेच उभ्या होत्या, हात चौकटीवर. एक तरुण मुलगी, नुकतीच लग्न होऊन आलेली, आईंना म्हणाली, "खरंच काकू, आता कोण मानतं हे सगळं." दुसरी म्हणाली, "अगं पण त्यांनाच नको असेल तर आपण कोण?" हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलंय. त्यांनाच नको. जसं काही नको म्हणायला त्या एकट्याच शिकल्या.

"आई, या ना," मी म्हणाले.

"नाही."

"मग मी कुणाकडूनच घेणार नाही." मी पदर मुठीत घट्ट धरला.

आई दारातूनच बोलल्या. मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला, वर्गातला असणार. "तुला जो हट्ट करायचा तो माझ्याशी कर. माझ्या नातवंडाशी करू नकोस."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. काकूंनी ताट खाली ठेवलं. कुणीतरी जेवणाचा विषय काढला. सगळ्या जेवल्या, पुरणपोळी छान झाली म्हणाल्या, आणि ठरल्यापेक्षा आधीची गाडी पकडून परत गेल्या. माझी ओटी रिकामी राहिली.

त्या बायका गेल्यावर नवऱ्याने मला बाल्कनीत बोलावलं. म्हणाला, "तुला एक माहीत नाही. आईने एकदा ओटी भरली होती. बाबा गेल्यावर, वर्षभरात. तिच्या मामेबहिणीची, डोहाळजेवणात. आईचा तेव्हा विश्वासच नव्हता असल्या गोष्टींवर, मुद्दाम भरली. ते मूल राहिलं नाही."

"आणि?"

"आणि घरातल्या कुणीतरी बोलून दाखवलं."

"कोण?"

"मला काय आठवणार? मी लहान होतो."

"कोण बोललं ते सांग मला."

"आठवत नाही गं. सगळेच होते तिथे."

मला ते माणूस हवं होतं. बाई असो, बुवा असो, जिवंत असो नसो. एका शिकल्यासवरल्या, धीट बाईच्या तोंडावर एक वाक्य फेकून ते माणूस बहुधा निवांत जेवायला बसलं असेल, आणि हिने ते वाक्य उरलेलं आयुष्य सांभाळलं. विज्ञान शिकवता शिकवता सांभाळलं. मी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि पोटातल्या मुलाने लाथ मारली. मला तर वाटलं, तेही चिडलंय.

जहाजाकडे मी पुन्हा एकदाच गेले, बाहेरच्या माणसासारखी, प्रदर्शन संपायच्या आधी. एप्रनवरचा डाग धुऊन फिका झाला होता, पण होता. बाईचं कपाळ पुसलेलं. आणि इतक्या बाहुल्यांत फक्त तिच्यासमोर दोरी बांधली होती, हात लावू नये अशी पाटी लटकवून. म्हाताऱ्याला हात लावला तर चालत होतं.

मुलगी झाली, सप्टेंबरच्या शेवटी, काहीही अडचण न येता. आईंनी तिला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, धुरी दिली, कपाळाला तीट लावली. त्या हातांनी. मी एकदाही नजर हटवली नाही. रिकाम्या ओटीचं मूल धडधाकट होतं, हे त्यांनाही दिसत होतं.

व्हिसा संपत आला आणि त्यांचा निघायचा दिवस उजाडला. नवरा बॅगा घेऊन खाली गेला होता. मुलगी पाळण्यात झोपली होती. आईंनी देवाला नमस्कार केला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कोट शोधू लागल्या. मी आदल्याच दिवशी तमिळ दुकानातून नारळ आणून ठेवला होता. ताट घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यांना क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. "हे कुणासाठी?"

"तुम्ही घरातून निघालाय. लांब जायचंय."

"अगं, विधवेची ओटी भरत नाहीत."

"का?" मी म्हणाले. "तुमचं आता काय वाईट व्हायचंय?"

मी रागानेच बोलले. त्यांचेच शब्द त्यांना परत केले, आणि बोलल्यावर माझेच मला बोचले, पण मी ते मागे घेतले नाहीत. आईंचा चेहरा पांढरा पडला. खालून नवऱ्याने हाक मारली. कुणीच ओ दिली नाही.

मग त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला आणि पदर पुढे घेतला. त्यांना नेमका कसा धरायचा हे आठवत नसावं, कारण एकदा सोडून पुन्हा धरला. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला, फ्रँकफर्टच्या बाईने माझ्यासाठी आणलेला तो खण ठेवला. कुंकवाची डबी उचलली तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि ते मी ऐकलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला तो मला नीट ऐकू आला नाही. सगळं त्यांनी स्वतःच बांधलं आणि स्वतःच बॅगेत ठेवलं.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. काउंटरवरच्या मुलीने काहीतरी काढा म्हणून खूण केली. नवऱ्याने तिथेच जमिनीवर बॅग उघडली आणि उकिडवा बसून शोधाशोध करू लागला. सगळ्यात वर तो नारळ होता. नवऱ्याने तो उचलला.

"आई, हा कशाला नेतेस? पुण्यात कोपऱ्यावर मिळतो."

आईंनी हात पुढे करून नारळ त्याच्याकडून घेतला. "चॉकलेटं काढ," त्या म्हणाल्या. "हा माझा आहे."

त्याने चॉकलेटं काढली.